पायावरील व्रण आणि परिचारिकेचे प्रशिक्षण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



कोणत्याही संस्थेच्या वाटचालीत पन्नास वर्षांचा टप्पा हा कृतज्ञतेचा असतो, तसाच पुढील संकल्पाचाही असतो. अशा मंगल प्रसंगी मोठ्या वास्तूंचे, मोठ्या यंत्रांचे विषय सहज सुचतात. आजचा विषय मात्र अगदी जमिनीलगतचा आहे. पायावर झालेली, महिनोन्‌महिने न भरणारी जखम आणि त्या जखमेवर पट्टी बांधणारी परिचारिका, हा तो विषय होय. जैन आचारात रुग्णसेवेला, म्हणजेच वैयावच्चाला, आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत स्थान दिलेले आहे. साधु-साध्वीजींचा विहार अनवाणी होतो. त्यांच्या तळव्यांना पडलेल्या भेगा आणि फोड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पायाच्या जखमेचे मोल वेगळे सांगावयास नको. तथापि सेवेची भावना कितीही निर्मळ असली, तरी तिला ज्ञानाची जोड नसेल तर पायाच्या जखमेबाबत ती अपुरी पडते, प्रसंगी अपायही करते. याच मुद्द्याचा आज थोड्या विस्ताराने विचार करावयाचा आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून सर्वत्र ओळखला जातो. दसरा-दिवाळी सरली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतील गावेच्या गावे रिकामी होतात आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकट्या कामगाराला ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीच्या भरवशावर. दोघांपैकी एकाचा पाय गेला, तर कोयता अर्धा होतो. उचल मात्र पूर्ण फेडावी लागते. उसाचे टोकदार बुडखे, धारदार पाचट, कोयत्याचा चुकलेला घाव, ओल्या चिखलात तासन्‌तास उभे राहणे आणि डोक्यावर मोळ्यांचे ओझे, या सर्वांचा भार शेवटी पायावरच येतो. जखम झाली तरी विश्रांती नाही. हळद, चुना, विडीची राख, तंबाखूची चिमूट असे उपाय होतात. गुढीपाडव्याच्या सुमारास माणूस गावी परततो, तेव्हा जखम चार-पाच महिन्यांची जुनी झालेली असते.

हा प्रश्न केवळ श्रमिकांचा आहे, असेही समजू नये. दिवसभर दुकानाच्या गल्ल्याशी पाय खाली सोडून बसणारा व्यापारी, ओट्यापाशी उभी राहणारी गृहिणी, वर्गात उभे राहून शिकविणारे शिक्षक, यांच्याही पिंडऱ्यांवर शिरा फुगलेल्या दिसतात. मधुमेह तर आता खेड्यापाड्यांतून आणि व्यापारी पेठांतून सारखाच पसरला आहे. स्वतः परिचारिकांचेही आयुष्य उभ्याने जाते, म्हणून हा विकार त्यांनाही चुकत नाही.

आता मुख्य गोष्ट. पायावरील न भरणारा व्रण हा एकच एक रोग नाही. दिसावयास सर्व जखमा सारख्या वाटतात, परंतु त्यांची कारणे भिन्न असतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात घातक ठरू शकतो. स्थूलमानाने तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार शिरांचा. पायातील अशुद्ध रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरांमध्ये लहान-लहान झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचते, घोट्याभोवती सूज येते, कातडी तपकिरी व कडक होते आणि साध्या खरचटण्याचाही व्रण होतो. हा व्रण बहुधा आतल्या घोट्याच्या वरच्या भागात, उथळ आणि पाझरणारा असतो. पाय उंच ठेवला की बरे वाटते. यावर मुख्य उपचार म्हणजे मोजून-मापून दिलेला दाब. घोट्यापाशी सर्वाधिक आणि गुडघ्याकडे कमी होत जाणारा दाब पट्टीने दिला की साचलेले रक्त वर सरकते. घोट्यापाशी सुमारे 40 मिलिमीटर पारा इतका दाब प्रमाण मानला जातो. मलम कोणते लावले यापेक्षा दाब योग्य दिला की नाही, यावर हा व्रण भरणे अवलंबून असते.

दुसरा प्रकार धमन्यांचा. पायाकडे शुद्ध रक्त आणणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या की बोटे, टाच, पायाची कड अशा टोकाच्या भागांना रक्त पुरत नाही. पाय गार आणि फिका पडतो, चालताना पोटरीत गोळे येतात, रात्री वेदनेने झोप लागत नाही. रुग्ण पाय खाटेखाली सोडून बसतो, तेव्हा त्याला किंचित आराम वाटतो. तंबाखू, विडी आणि स्त्रियांमधील मिश्रीचे व्यसन या रोगाला मोठा हातभार लावते. अशा पायावर पहिल्या प्रकारची घट्ट पट्टी बांधली, तर उरलासुरला रक्तपुरवठाही खुंटतो आणि पाय काळा पडतो. एकीला वाचविणारी पट्टी दुसरीचा पाय घालविते, ती अशी.

तिसरा प्रकार संवेदना हरपलेल्या पायाचा. दीर्घकाळच्या मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने नसा बधिर होतात. खडा टोचला, चप्पल चावली, चटका बसला तरी कळत नाही. तळव्यावर, बोटांच्या बुडाशी घट्टा पडतो व त्याखाली जखम होते. ती दुखत नाही, हेच तिचे मोठे संकट. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 पासून कार्य करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा सूक्ष्म अभ्यास केला आणि मांस रोगाने आपोआप झडत नाही, तर वेदना न जाणवल्यामुळे होणाऱ्या वारंवारच्या इजेने ते नष्ट होते, हे दाखवून दिले. जखमेवरचा भार काढून घेतला, प्लास्टरने किंवा योग्य पादत्राणाने तळव्यावरील दाब वाटून दिला, तर अशा जखमा भरतात. महाराष्ट्रात 1949 मध्ये बाबा आमटे यांनी स्थापिलेल्या महारोगी सेवा समितीचे वरोऱ्याजवळील आनंदवन हे कुष्ठरुग्णांच्या अशाच जखमांच्या सेवेतून उभे राहिले. कुष्ठसेवेत मिळालेला हा धडा आज मधुमेही रुग्णांच्या पायांना जसाच्या तसा लागू पडतो.

येथे परिचारिकेचे स्थान स्पष्ट होते. डॉक्टर रुग्णाला महिन्यातून एकदा पाहतील. ड्रेसिंग मात्र आठवड्यातून दोन-तीनदा सिस्टरच्या हातून होते. जखमेचा वास बदलला, कडा जाड झाल्या, सूज उतरली, हे प्रथम तिलाच दिसते. सर्वसाधारण परिचर्या शिक्षणात निर्जंतुक पद्धतीने पट्टी कशी बदलावी, हे ती शिकलेली असते. परंतु ही जखम का भरत नाही, हा प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर शोधण्याची तयारी वेगळ्या प्रशिक्षणाने येते. ती नसेल, तर तीच पट्टी, तेच मलम, तीच प्रतिजैविके असा क्रम वर्षभर चालू राहतो आणि एके दिवशी गुडघ्याखालून पाय कापण्याची चिठ्ठी हाती पडते.

अशा प्रशिक्षणात नेमके काय शिकवावे, याचे चित्र आज पुरेसे स्पष्ट आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तपासणी. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करण्याची एक साधी पद्धत आहे. हातात मावणाऱ्या डॉप्लर यंत्राने दोन्ही ठिकाणचा वरचा रक्तदाब मोजावयाचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागावयाचे. उत्तर साधारण एकच्या आसपास आले तर रक्तपुरवठा ठीक. ते 0.8 पेक्षा कमी असेल, तर पूर्ण दाबाची पट्टी बांधू नये. 0.5 पेक्षा कमी असेल, तर रुग्णास विनाविलंब रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. 1.3 च्या वर गेले, तर त्यावर विसंबू नये. कारण मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा खोटा वाढतो. संवेदना तपासण्यासाठी 10 ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून, रुग्णाचे डोळे मिटवून त्याला विचारावयाचे. या दोन परीक्षांना मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शिकलेला हात आणि थोडा वेळ लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टी बांधण्याचे कौशल्य. पाऊल काटकोनात ठेवून, बोटांच्या बुडापासून प्रारंभ करून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा मागच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकील अशा रीतीने, ताण सारखा ठेवून पट्टी बांधावी लागते. नडगीच्या हाडावर आधी कापसाची गादी द्यावी लागते, अन्यथा तेथेच नवा व्रण होतो. हे पुस्तकातून येत नाही. एकमेकींच्या पायावर शंभर वेळा बांधून, पट्टीखालचा दाब यंत्राने मोजून, चूक पाहून पुन्हा बांधल्यावरच ते हाताला कळते. साधे क्रेप बँडेज थोड्याच वेळात सैल पडते, म्हणून कोणती पट्टी कशासाठी, हेही शिकावे लागते. धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या, कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या आपल्याकडील रुग्णांच्या खिशाला अधिक सोयीच्या ठरतात.

तिसरी गोष्ट, जखमेची भाषा वाचणे. पारदर्शक कागद ठेवून जखमेची बाह्यरेषा काढावी, तारीख घालावी आणि दर आठवड्याला ताडून पाहावी. मधुमेही पायाच्या जखमेचे क्षेत्र योग्य उपचारानंतरही चार आठवड्यांत निम्म्यावर आले नाही, तर निदानाचा आणि उपचाराचा फेरविचार व्हावा, असा संकेत आहे. जुन्या व्रणाच्या कडा फुलकोबीसारख्या उंच व जाड झाल्या, तर कर्करोगाची शंका घेऊन तुकडा तपासणीस पाठवावा लागतो. प्रत्येक जखमेला प्रतिजैविक लागत नाही. लाली पसरणे, उष्णता, पू, वाढती वेदना, ताप अशी संसर्गाची लक्षणे असतील, तरच ते द्यावे. जखम कोरडी ठेवून खपली धरू द्यावी, ही जुनी समजूतही आता मागे पडली आहे. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी ओलावा राखलेली जखम अधिक लवकर भरते, हे प्रयोगाने दाखविले. तेव्हापासून ड्रेसिंगचे शास्त्रच बदलले. दर वेळी स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणे म्हणजे नव्याने येणारी कोवळी त्वचा जाळणे होय. स्वच्छ पाणी किंवा सलाइन पुरेसे असते. मात्र धमनी बंद पडून सुकलेल्या काळ्या बोटाला हा नियम लागू नाही. ते कोरडेच ठेवावयाचे असते. आपल्या परंपरेतही सुश्रुतसंहितेने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. व्रणपरत्वे उपचार भिन्न, हा विचार या मातीला परका नाही.

चौथी गोष्ट, संवादाची. पट्टी टोचते, उकडते, वास येतो, म्हणून रुग्ण ती घरी सोडून टाकतो. त्याला रागावून उपयोग नाही. पट्टी कशासाठी आहे हे त्याच्या भाषेत सांगणे, घरातील सुनेला किंवा मुलाला बसवून शिकविणे, तंबाखू-मिश्री सोडण्याचा आग्रह मायेने धरणे, हा परिचर्येचाच भाग आहे. जखम भरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. शिरांचा व्रण पुनःपुन्हा उद्भवतो. दाबाचे मोजे रोज वापरावे लागतात आणि त्यांची लवचिकता जाते म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागतात.

येथे आपल्या समाजाशी निगडित अशी एक नाजूक बाब नमूद करणे आवश्यक आहे. जखम भरण्यास प्रथिने लागतात. ती शाकाहारातून उत्तम मिळतात. डाळी, दूध, दही, शेंगदाणे यांचे प्रमाण मात्र जाणीवपूर्वक वाढवावे लागते. मधुमेही व्यक्तीने पर्युषणात उपवास, बेला, तेला किंवा अठाई करण्यापूर्वी इन्सुलिनविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांच्या औषधांच्या वेळाही त्यानुसार ठरवून घ्याव्यात. प्रशिक्षित परिचारिकेला हे ठाऊक असेल, तर ती रुग्णाच्या श्रद्धेला धक्का न लावता त्याची साखर सांभाळू शकते. ज्याला उपवास झेपत नाही त्याच्यासाठी ऊणोदरी, रसत्याग, स्वाध्याय असे तपाचे अन्य मार्ग आहेतच. त्याबाबत गुरुजनांचे मार्गदर्शन घ्यावे.

असे प्रशिक्षण खेड्यांपर्यंत पोहोचते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. 2004 च्या सुमारास भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि टांझानिया या देशांत मधुमेही पायाच्या काळजीसाठी ‘स्टेप बाय स्टेप’ हा प्रकल्प सुरू झाला. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे हे त्याच्या सूत्रधारांपैकी एक होते. या प्रकल्पाची रचना मननीय आहे. एकट्या डॉक्टरला न बोलाविता एक डॉक्टर व एक परिचारिका किंवा सहायक अशी जोडी बोलाविली गेली. प्राथमिक शिबिरानंतर ही जोडी आपल्या गावी जाऊन काम करी आणि पुढील टप्प्यात प्रगत शिबिरासाठी परत येई. तपासणीची साधने त्यांच्या हाती देण्यात आली. शिकविले, करून पाहिले, अडचणी घेऊन पुन्हा शिकले, असा तो क्रम होता. एका दिवसाचे व्याख्यान आणि प्रमाणपत्र यांनी जे साधत नाही, ते अशा क्रमाने साधते.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयाच्या परिसरात 1980 च्या दशकाच्या अखेरीस परिचारिकांनी चालविलेली पायाच्या व्रणांची केंद्रे वस्त्यांमधून सुरू झाली. चार थरांची दाबपट्टी तेथेच विकसित झाली आणि व्रण भरण्याचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 1995 मध्ये सफोक परगण्यात एली लिंडसे या परिचारिकेने त्याही पुढचे पाऊल टाकले. तिने उपचार दवाखान्यातून काढून गावाच्या सभागृहात आणले. पायाला व्रण असलेली वृद्ध मंडळी तेथे एकत्र बसतात, चहा घेतात, गप्पा मारतात. परिचारिका त्याच ठिकाणी पाय धुऊन पट्टी बांधतात. जखमेच्या वासाने संकोचून घरात कोंडून घेतलेली माणसे पुन्हा माणसांत येतात. जखम ज्यांची भरली, तेही मोजे तपासण्यासाठी येत राहतात, त्यामुळे पुनरुद्भव वेळीच कळतो.

हे ऐकताना आपल्या गावातील सभागृह डोळ्यांसमोर आल्यावाचून राहणार नाही. न्यासांपाशी जागा असते, स्वयंसेवक असतात, समाजाचा विश्वास असतो. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे, गावोगावी उपकेंद्रे आणि आशा कार्यकर्त्या आहेत. शेजारच्या अहिल्यानगरात आनंदऋषीजी हॉस्पिटलच्या रूपाने जैन समाजाने आरोग्यसेवेचे केवढे काम उभे केले आहे, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने पायाच्या व्रणांचे केंद्र ही फार लहान गोष्ट आहे. एक डॉप्लर यंत्र, काही तंतू, दाबपट्ट्यांचा साठा, पाय धुण्याची व्यवस्था आणि आठवड्यातील एक निश्चित दिवस, एवढ्यावर ते सुरू होऊ शकते.

परंतु साधनांआधी माणूस घडला पाहिजे. म्हणून न्यासाने प्रथम खर्च करावा तो परिचारिकांच्या प्रशिक्षणावर. जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांतून एक-एक डॉक्टर आणि एक-एक परिचारिका अशी जोडी निवडावी. त्यांच्या प्रशिक्षणाचा, प्रवासाचा आणि त्या दिवसांच्या बुडालेल्या वेतनाचा भार उचलावा. वर्षभराने त्यांना पुन्हा एकत्र आणून त्यांच्या नोंदवह्या पाहाव्यात: किती पाय तपासले, किती व्रण भरले, किती रुग्णांना वेळेवर पुढे पाठविले. प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला तपासणीसाठी वेळ आणि संशय येताच रुग्णाला पुढे पाठविण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. ज्ञान दिले आणि अधिकार दिला नाही, तर ते ज्ञान तिच्या वहीतच राहते. ऊसतोडीला निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधी, गावोगावी पाय तपासणीची एक फेरी आणि पाडव्यानंतर दुसरी फेरी झाली, तर अनेक जखमा व्रण होण्यापूर्वीच लक्षात येतील.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अनेक फलक लागतील, अनेक नावे कोरली जातील. ते उचितच आहे. परंतु पुढील वर्षी पाडव्याला एखादी टोळी गावी परतेल, त्यातील एखादी भगिनी उपकेंद्राची पायरी चढेल, आणि तेथील सिस्टर तिच्या चिघळलेल्या पायावर लगेच पट्टी न गुंडाळता आधी तिच्या घोट्याची नाडी शोधील, तिचा तळवा तपासील, तिला योग्य ठिकाणी योग्य वेळी पाठवील. त्या भगिनीचा पाय वाचेल, घरचा कोयता अर्धा होणार नाही, आणि मुलांची शाळा सुटणार नाही. त्या सिस्टरच्या हाताला आलेले कौशल्य हे न्यासाच्या पन्नास वर्षांच्या सेवेचे सार्थक ठरेल. तसा संकल्प या मंगल वर्षात व्हावा, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.